रेव्हिटमध्ये जोडलेल्या घटकांमधली सांध्याची रेघ: कारण शोधण्यापासून पीडीएफपर्यंतचा क्रम

एलिव्हेशनच्या (इमारतीची बाहेरची बाजू दाखवणाऱ्या) शीटवर प्रत्येक मजल्याच्या पातळीला एक बारीक आडवी रेघ दिसते. ती डिझाइनमध्ये कोठेही नसते; खालची भिंत संपून वरची सुरू होते तेथे रेव्हिट या इमारतींचे मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरने ती दाखवलेली असते. मात्र साइटवर प्लास्टर करणारा माणूस त्याच रेघेचा अर्थ ग्रूव्ह, म्हणजे प्लास्टरमध्ये कापायची खाच, असा घेतो, आणि त्याने तसा अर्थ घेतला तर दोष त्याचा नसतो. मी ज्या प्रकल्पांवर काम केले त्यांपैकी एकावर अशा रेघेमुळे मागच्या बाजूच्या प्लास्टरमध्ये नको असलेला ग्रूव्ह कापला गेला होता. तेव्हापासून शीट बाहेर जाण्यापूर्वी सांध्यांची तपासणी मी स्वतंत्र काम म्हणून करतो.

पुण्यातल्या अनेक कार्यालयांमध्ये ही रेघ घालवण्याची सुरुवात शेवटच्या पायरीपासून होते. लाइनवर्क हे साधन उघडायचे, अदृश्य रेषा निवडायची आणि दिसेल त्या रेघेवर क्लिक करायचे. रेघ त्या व्ह्यूपुरती (मॉडेलच्या त्या एका दृश्यापुरती) जाते, पण सेक्शनमध्ये (छेददृश्यात) राहते, थ्रीडीमध्ये राहते, आणि भिंत पुसून नव्याने काढली की एलिव्हेशनमध्येही परत येते. खालील क्रम याच्या उलट आहे. आधी कारण, मग जागा, मग मटेरिअल, मग फेज (बांधकामाचा टप्पा), त्यानंतर जोड (दोन घटक मॉडेलमध्ये एकमेकांना जोडणे) आणि अगदी शेवटी लाइनवर्क. क्रम बदलला तर काम दुप्पट होते, कारण जोड लावल्यानंतर भिंत हलवली की जोड पुन्हा तपासावी लागते.

उदाहरण म्हणून बाणेर-वाकड पट्ट्यात सर्रास दिसणारी इमारत घेऊ: खाली पार्किंग, वर सात मजले; बाहेरची भिंत २३० मिमी वीटकामाची, आत १५ मिमी आणि बाहेर २० मिमी प्लास्टर; बीम २३० × ६००, स्लॅब १५० मिमी. बीमची आणि कॉलमची बाहेरची बाजू वीटकामाच्या बाहेरच्या बाजूशी एका पातळीत. बहुतेक अडचणी याच शेवटच्या वाक्यात दडलेल्या आहेत.

## तयारी

काम सुरू करण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. त्यांना अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

मॉडेल अनेक जणांत वाटलेले असेल तर सिंक्रोनाइझ करून घ्यावे आणि आपण जोडणार आहोत ते घटक दुसऱ्या कोणाच्या ताब्यात नाहीत याची खात्री करावी. त्याबरोबर सेंट्रल फाइलची (सर्वांच्या सामाईक फाइलची) एक वेगळी प्रत काढून ठेवावी.

भिंती, बीम, कॉलम आणि स्लॅब यांच्या शेड्यूलमधले (मॉडेलमधून निघणाऱ्या तक्त्यातले) घनफळ आत्ताच लिहून ठेवावे. जोड लावल्यावर हे आकडे बदलतात आणि ते का बदलले हे नंतर सांगता आले पाहिजे. ही नोंद जवळजवळ कोणीच करत नाही; म्हणूनच इथे ती आग्रहाने सांगत आहे.

तपासणीसाठी दोन वेगळे व्ह्यू तयार करावेत: एक एलिव्हेशन आणि सेक्शन बॉक्स लावलेला एक थ्रीडी. दोन्हींत डिटेल लेव्हल फाइन, दृश्यशैली हिडन लाइन, व्ह्यू टेम्प्लेट काढलेले आणि फिल्टर बंद ठेवावेत. शीटवरच्या व्ह्यूमध्ये सांधे तपासू नयेत, कारण टेम्प्लेट आणि फिल्टर यांमुळे दिसणारी रेघ ही सांध्याचीच आहे असा गैरसमज होतो.

शेवटी, प्रोजेक्ट युनिट्समध्ये (कीबोर्डवर यू एन) लांबीचे राउंडिंग तात्पुरते तीन दशांश स्थळांवर न्यावे. पूर्ण मिलिमीटरवर ठेवलेल्या फाइलमध्ये ०.४ मिमी अंतर शून्य दिसते, आणि तीच ०.४ मिमीची पायरी रेघ बनून एलिव्हेशनवर येते.

तपासा: मॅनेज टॅबवरील वॉर्निंग्जची यादी उघडून तिची संख्या लिहून ठेवा. काम संपल्यावर ती वाढलेली नसावी.

## पायरी १: रेघ कोणाची आहे ते ठरवणे

दिसणारी प्रत्येक रेघ सांध्याची नसते. कर्सर रेघेवर नेऊन टॅब कळ पुनःपुन्हा दाबावी, म्हणजे तेथे एकावर एक असलेले घटक क्रमाने उजळतात आणि खालच्या पट्टीत त्यांची नावे दिसतात. शंका राहिली तर घटक निवडून एच एच ने तात्पुरता लपवावा. रेघ त्याच्याबरोबर गेली तर ती त्याचीच होती. एच आर ने तो परत आणावा.

या तपासणीत हमखास सापडणाऱ्या गोष्टी अशा: भिंतीवर कोणी तरी स्प्लिट फेसने केलेली विभागणी, जुनी मॉडेल लाइन, रिव्हील (भिंतीत कोरलेली खाच), आणि मागच्या विंगची कड. यांवर जोड लावून उपयोग होत नाही. स्प्लिट फेसची सीमा काढून टाकायची असेल तर ती विभागणीच पुसावी लागते.

याच पायरीवर आणखी एक निर्णय घ्यायचा असतो: कोणती रेघ राहिलीच पाहिजे? दोन विंगमधला एक्स्पान्शन जॉइंट ही खरी फट आहे. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकामध्ये ४५ मीटरपेक्षा लांब इमारतींना साधारणपणे एक किंवा अधिक एक्स्पान्शन जॉइंट असावेत असे म्हटले आहे, आणि तो जॉइंट एलिव्हेशनवर दिसणे आवश्यक आहे. आर्किटेक्टने ठरवून दिलेला ग्रूव्हही तसाच. अशा रेघांवर तपासणी व्ह्यूमध्ये लाल खूण करून ठेवावी, म्हणजे पुढे एकाच झपाट्यात अनेक भिंती जोडताना त्या चुकून एकजीव होणार नाहीत.

सावधान: एक्स्पान्शन जॉइंटच्या दोन्ही बाजूंचे स्लॅब एकमेकांना कधीही जोडू नयेत. त्यांच्यातले अंतर शून्य दिसत असेल तर मॉडेलमधली चूक ती आहे. आधी ते अंतर दुरुस्त करावे.

## पायरी २: पृष्ठभाग एका पातळीत आणणे

जोडल्यानंतर दोन घटकांमधली रेघ जाण्याची पहिली अट अशी की, त्यांचे पृष्ठभाग अगदी एकाच प्रतलात असले पाहिजेत. केसभर पुढेमागे असले तरी तेथे खरीखुरी कड तयार होते आणि रेव्हिट ती प्रामाणिकपणे दाखवते. बहुतेक वेळा ही चूक डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या) फाइलवरून भिंती रेखताना होते, कारण मूळ रेषाच किंचित तिरकी असते. अक्षापासून किंचित सरकलेल्या घटकांबाबतची वॉर्निंग अशा वेळी येते आणि आपण ती बंद करून पुढे जातो.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा: सर्वांत खालच्या मजल्याची भिंत ग्रिडशी (इमारतीच्या अक्षरेषेशी) अलाइन साधनाने (ए एल) जुळवावी, तिचे ग्रिडपासूनचे अंतर पूर्ण मिलिमीटरमध्ये आणावे, आणि मग वरच्या प्रत्येक मजल्याची भिंत त्याच ग्रिडशी जुळवावी. खालच्या भिंतीशी वरची, तिच्याशी तिच्या वरची, अशी साखळी करू नये. साखळीत एक चूक झाली की ती सातव्या मजल्यापर्यंत पोहोचते.

भिंती एकमेकींवर ठेवताना लोकेशन लाइनकडेही (भिंतीची जागा ज्या रेषेवरून ठरते तिच्याकडेही) लक्ष द्यावे. ती मध्यरेषेवर असेल आणि वरच्या मजल्यावर भिंतीचा प्रकार बदलला, म्हणजे २३० ऐवजी १५० मिमी एएसी ब्लॉक (हलका काँक्रीट ब्लॉक) आला, तर बाहेरची बाजू आपोआप आत जाते. बाहेरच्या भिंतींसाठी फिनिश फेस एक्स्टिरिअर ही लोकेशन लाइन घेतली तर जाडी बदलली तरी बाहेरची बाजू जागच्या जागी राहते.

रेव्हिट सुमारे ०.८ मिमीपेक्षा लहान कड काढू शकत नाही. त्यामुळे त्याहून लहान पायरी असलेल्या जागी कधी रेघ दिसते, कधी जोडच नाकारली जाते. अशा ठिकाणी जोडण्याचा प्रयत्न पुनःपुन्हा न करता अलाइनकडे परतावे.

तपासा: सेक्शनमध्ये दोन्ही भिंतींच्या बाहेरच्या बाजूंचे ग्रिडपासूनचे अंतर मोजावे. तिन्ही दशांश स्थळे सारखी असली पाहिजेत.

## पायरी ३: मटेरिअल एकच असणे

एकसारखे दिसणारे मटेरिअल आणि तेच मटेरिअल यांत फरक आहे. दोन मटेरिअलचा रंग, हॅच आणि रेंडरमधला पोत तंतोतंत सारखा असला, तरी मटेरिअल ब्राउझरमध्ये ती दोन वेगळी नावे असतील तर सांध्याची रेघ राहते. मला विचारल्या जाणाऱ्या दहा तक्रारींपैकी निम्म्यांचे मूळ इथे सापडते.

हे घडते कसे? एकाने "काँक्रीट एम२५" केलेले असते, दुसऱ्याने "एम२५ काँक्रीट" केलेले असते, आणि जुन्या प्रकल्पातून कॉपी केलेला बीम स्वतःबरोबर तिसरेच नाव घेऊन येतो. स्लॅबला पहिले, बीमला दुसरे, कॉलमला तिसरे लागते. छापल्यावर तिन्ही करडेच दिसतात, त्यामुळे लक्षात येत नाही. यावर उपाय म्हणजे मटेरिअल टेकऑफ शेड्यूल काढणे: त्यात घटकाचा प्रकार आणि मटेरिअलचे नाव असे दोनच स्तंभ ठेवले की एकाच काँक्रीटची तीन नावे समोर उभी राहतात. एक नाव कायम ठेवावे, बाकी सर्व प्रकारांना ते द्यावे आणि वापरात नसलेली नावे पर्ज या सफाईच्या साधनाने काढून टाकावीत.

"बाय कॅटेगरी" असलेल्या मटेरिअलबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. या सेटिंगमध्ये घटक आपल्या कॅटेगरीचे मटेरिअल घेतो, आणि भिंतींची कॅटेगरी वेगळी, फ्लोअरची वेगळी. म्हणून भिंत आणि स्लॅब दोन्हींना बाय कॅटेगरी दिले तरी त्यांचे मटेरिअल एक होत नाही. ज्या दोन घटकांमधली रेघ घालवायची आहे त्यांना नाव घेऊन मटेरिअल द्यावे.

पेंट साधनाने (पी टी) रंगवलेल्या पृष्ठभागांकडेही पाहावे. एका भिंतीवर पेंट लावलेले आहे आणि शेजारच्या भिंतीवर तोच रंग थराच्या मटेरिअलमधून आलेला आहे, अशी सरमिसळ असेल तर आधी पेंट काढावे. बाहेरच्या रंगासाठी पेंट वापरूच नये असे माझे मत आहे. थराचे मटेरिअल बदलावे, म्हणजे तो रंग त्या प्रकारच्या सर्व भिंतींना एकाच वेळी लागतो.

जोत्याला काळ्या पाषाणाचे क्लॅडिंग असते तेथे आणखी एक फसवी रेघ दिसते. मटेरिअल एक, पातळी एक, जोडही लागलेली, पण दगडांच्या नक्षीची ओळ एका भिंतीवर जेथे येते तेथे दुसऱ्या भिंतीवर येत नाही. हा सांधा नव्हे, नक्षीच्या सुरुवातीच्या बिंदूतला फरक आहे. नक्षी मॉडेल पॅटर्न प्रकारची असेल तर अलाइन साधनाने तिची एक रेषा शेजारच्या भिंतीवरच्या रेषेशी जुळवता येते. ड्राफ्टिंग पॅटर्न असेल तर हे शक्य नाही. आधी पॅटर्नचा प्रकार बदलावा.

सावधान: डिटेल लेव्हल कोर्स असलेल्या प्लॅनमध्ये भिंतीच्या थरांचे मटेरिअल दिसत नाही, तर प्रकाराच्या गुणधर्मातला कोर्स स्केल फिल पॅटर्न दिसतो. दोन प्रकारांचे हे पॅटर्न वेगळे असतील तर मटेरिअल एक करूनही प्लॅनमध्ये फरक राहील. परवानगीसाठीच्या १:१०० ड्रॉइंगमध्ये नेमके हेच घडते.

## पायरी ४: बीमवरून प्लास्टर सलग नेणे

आपल्याकडच्या आरसीसी इमारतींमध्ये ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि सॉफ्टवेअरच्या सर्वसाधारण धड्यांमध्ये ती सहसा येत नाही. प्रत्यक्षात प्लास्टर वीट आणि बीम या दोन्हींवरून सलग जाते. मॉडेलमध्ये मात्र प्लास्टर हा भिंतीचा थर असतो. भिंत बीमच्या तळाशी थांबवली की प्लास्टरही तेथेच थांबते, आणि वर बीमचे उघडे काँक्रीट २० मिमी आत दिसते. एका रेघेऐवजी दोन रेघा आणि मध्ये खाच असे त्याचे रूप असते. ही स्थिती जोड लावून सुधारत नाही, कारण जोडण्यासारखे प्लास्टरच तेथे नाही. यावर तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग: भिंत एका लेव्हलपासून पुढच्या लेव्हलपर्यंत पूर्ण उंचीची काढावी, बीममधून आणि कॉलममधून सरळ जाऊ द्यावी आणि मग त्यांच्याशी जोडावी. स्ट्रक्चरल घटक भिंतीला कापतात, त्यामुळे वीटकामाचा भाग निघून जातो आणि बीमच्या बाहेर असलेला २० मिमीचा थर तसाच राहतो. बंगल्यासाठी किंवा दोन-तीन मजली इमारतीसाठी हे पुरेसे आहे. वीटकामाचे घनफळ मात्र मटेरिअल टेकऑफमधून घ्यावे. भिंतीच्या उंचीवरून हिशेब केला तर बीमची उंचीही वीटकामात धरली जाईल.

दुसरा मार्ग: भिंत बीमच्या तळापर्यंतच ठेवावी, पण भिंतीच्या प्रकारात एडिट असेंब्लीमध्ये जाऊन बाहेरच्या थराची खालची कड मोकळी करावी. त्यासाठी प्रिव्ह्यू सेक्शनमध्ये उघडून मॉडिफाय बटणाने थराच्या कडेवरचे कुलूप काढतात. मग वरच्या मजल्याच्या भिंतीचे प्लास्टर खाली ओढता येते. आपल्या उदाहरणात ६०० मिमी, म्हणजे स्लॅब धरून बीमची पूर्ण खोली. बेस एक्स्टेन्शन डिस्टन्समध्ये आकडा देण्यापेक्षा सेक्शनमध्ये थराची कड खालच्या भिंतीच्या माथ्याशी अलाइन करणे मला अधिक भरवशाचे वाटते, कारण बीमची खोली जागोजागी बदलते. जेथे बीम ४५० चा आहे तेथे ६०० आकडा दिला तर दोन प्लास्टर एकमेकांत घुसतात.

तिसरा मार्ग: बाहेरचे प्लास्टर ही २० मिमी जाडीची स्वतंत्र भिंत करावी, जोत्यापासून पॅरापेटच्या माथ्यापर्यंत एकच. मजल्यांवर सांधाच नसल्यामुळे रेघ येण्याचे कारण उरत नाही. आतल्या प्रत्येक मजल्याच्या भिंतीशी ही प्लास्टरची भिंत जोडली की आतल्या भिंतीतल्या खिडक्या प्लास्टरमध्येही छेद पाडतात. ही जोड विसरली तर बाहेरून इमारत बिनखिडक्यांची दिसते, म्हणून चूक लपत नाही, ही एक सोय. सात मजल्यांच्या इमारतीसाठी मी हाच मार्ग घेतो. याला आणखी एक ठोस कारण आहे. स्ट्रक्चरल सल्लागारांचे मॉडेल बहुधा लिंक म्हणून येते आणि लिंकमधल्या बीमशी आपल्या भिंतीला जोड लावता येत नाही. अशा वेळी पहिला मार्ग बंदच होतो.

या मार्गात प्लास्टरचे मजलावार माप मात्र थेट मिळत नाही. कंत्राटदाराची बिले मजलावार निघणार असतील तर पार्ट्स (घटकाचे तुकडे करण्याची सोय) वापरून ती भिंत लेव्हलवर विभागावी लागेल, आणि पार्ट्स दाखवणारा व्ह्यू एलिव्हेशनच्या शीटवर ठेवू नये, नाहीतर घालवलेल्या रेघा पुन्हा हजर होतील.

तपासा: बीममधून जाणारा सेक्शन फाइन डिटेलमध्ये उघडा. प्लास्टरचा थर वर-खाली अखंड दिसला पाहिजे आणि वीटकाम व बीम एकमेकांत घुसलेले नसावेत.

## पायरी ५: फेज, डिझाइन ऑप्शन, ग्रुप

येथे थोडक्यात पाहण्यासारखे एवढेच आहे. ज्या व्ह्यूमध्ये घटक काढला त्या व्ह्यूचा फेज घटकाला लागतो. नवीन भिंत चुकून जुन्या फेजच्या व्ह्यूमध्ये काढली गेली, तर शेजारच्या भिंतीशी ती एकजीव होत नाही आणि कारण डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही भिंती निवडून फेज क्रिएटेड एकच दिसतो का ते पाहावे. वेगवेगळा असेल तर तो रकाना रिकामा किंवा मिश्र दिसतो. प्रभात रस्त्यावरच्या जुन्या बंगल्यावर एक मजला चढवण्याचे काम असेल तर जुने आणि नवे यांमधली रेघ योग्यच आहे आणि ती राहू द्यावी.

वेगवेगळ्या डिझाइन ऑप्शनमधले (पर्यायी रचनांमधले) घटक एकमेकांना जोडता येत नाहीत. टिपिकल मजल्याचा ग्रुप केलेला असेल तर ग्रुपमधली भिंत ग्रुपबाहेरच्या भिंतीशी जोडू नये. ग्रुप संपादित केला की अशा जोडी सुटू शकतात. बाहेरच्या भिंती ग्रुपमध्ये घालूच नयेत, हा सरळ उपाय.

## पायरी ६: जोड लावणे

आता मॉडिफाय टॅबवरचे जॉइन जॉमेट्री उघडावे. एकाच घटकाला अनेक जोडायचे असतील तर ऑप्शन्स बारवर मल्टिपल जॉइनवर खूण करावी. मग पहिल्यांदा निवडलेल्या घटकाला पुढचे सर्व जोडले जातात. क्रम असा ठेवावा:

१. स्लॅब आणि बीम.
२. बीम आणि कॉलम, जेथे ते आधीच आपोआप जुळलेले नाहीत.
३. भिंत आणि स्लॅब, बीम, कॉलम.
४. खालची भिंत आणि तिच्या वरची भिंत.
५. पॅरापेट, छज्जे आणि बाकीचे लहान घटक.

मोठ्या स्ट्रक्चरपासून लहान घटकांकडे जाण्याचे कारण असे की, आधी भिंती आपापसांत जोडल्या आणि नंतर बीमने त्या कापल्या, तर सांध्याचा आकार बदलतो आणि तपासणी पहिल्यापासून करावी लागते.

प्रोजेक्टमध्ये जॉइन जॉमेट्री हे केवळ रेघ पुसणारे साधन नाही. दोन घटकांपैकी एक दुसऱ्याला कापतो, म्हणजे सामाईक भागाचे घनफळ एकाकडे जाते आणि दुसऱ्याकडून वजा होते. कोण कोणाला कापतो हे चुकीचे झाले असेल तर स्विच जॉइन ऑर्डरने उलट करावे. उदाहरणार्थ, ४ मीटर लांबीचा २३० × ६०० बीम स्वतंत्र मोजला तर ०.५५२ घनमीटर भरतो. आपल्याकडे काँक्रीटच्या मोजमापात बीमची खोली साधारणपणे स्लॅबच्या तळापासून खाली मोजतात, म्हणून स्लॅबने बीमला कापले पाहिजे; तेव्हा बीम २३० × ४५० चा उरतो आणि घनफळ ०.४१४ होते. जोडच लावली नाही तर हे ०.१३८ घनमीटर स्लॅबमध्येही आणि बीममध्येही, असे दोनदा मोजले जातात. मजल्यावर असे ४० बीम असतील तर एका मजल्यामागे ५.५२ घनमीटर काँक्रीट कागदावर जास्त येते. तयारीत लिहून ठेवलेले आकडे इथे उपयोगी पडतात.

सावधान: घटक जोडलेले आहेत पण एकमेकांना छेदत नाहीत, अशी वॉर्निंग आली तर ती बंद करून पुढे जाऊ नये. जोडल्यानंतर कोणी तरी भिंत हलवलेली असते. वॉर्निंगच्या त्याच चौकटीतून ती जोड सोडवावी, पायरी २ प्रमाणे भिंत जागेवर आणावी आणि पुन्हा जोडावी.

सावधान: दिसेल ते सर्व जोडत सुटू नये. जोडींची संख्या वाढली की मॉडेल जड होते. फॉल्स सीलिंगच्या वरचे, कोणत्याही शीटवर न येणारे आणि मोजमापावर परिणाम न करणारे सांधे तसेच सोडावेत.

## पायरी ७: प्लॅनमधले कोपरे

एका लेव्हलवरच्या भिंती टोकाला मिळतात तेथे रेव्हिट त्यांना आपोआप जुळवते, म्हणून इथे जॉइन जॉमेट्रीची गरज सहसा नसते. कोपऱ्यात थर विचित्र कापले गेलेले दिसत असतील तर वॉल जॉइन्स साधन घेऊन बट, माइटर आणि स्क्वेअर ऑफ यांतला योग्य प्रकार निवडावा. थर एकमेकांत मिसळण्यासाठी त्यांचे कार्य आणि मटेरिअल जुळावे लागते: वीटकाम दोन्ही भिंतींत स्ट्रक्चर [१] आणि प्लास्टर दोन्हींत फिनिश [४] किंवा दोन्हींत फिनिश [५]. एका भिंतीत प्लास्टर [४] आणि दुसरीत [५] ठेवले की कोपऱ्यात रेघ राहते. त्याच साधनात डोन्ट क्लीन जॉइन लावलेले नाही ना, हेही पाहून घ्यावे.

## पायरी ८: फॅमिलीमधले सांधे

कॉर्निस, जाळी किंवा छज्जाच्या फॅमिलीत (पुन्हा वापरता येणाऱ्या तयार घटकात) दोन घन आकार शेजारी ठेवलेले असतात आणि त्यांच्या मध्ये रेघ दिसते. प्रोजेक्टमध्ये जाऊन ती घालवता येत नाही. फॅमिली एडिटरमध्येच जोड लावावी लागते, आणि तेथे जोडीमुळे दोन आकारांचा एक संयुक्त आकार होतो. मात्र दोन्ही आकारांचे मटेरिअल एकाच मटेरिअल पॅरामीटरला बांधलेले असावे. एकाला पॅरामीटर आणि दुसऱ्याला थेट मटेरिअल दिले, तर फॅमिली एडिटरमध्ये सर्व ठीक दिसते आणि प्रोजेक्टमध्ये मटेरिअल बदलताच रेघ उमटते. दोन्हींची सबकॅटेगरीही एकच ठेवावी.

दोन एक्स्ट्रुजन (बाह्यरेषेला जाडी देऊन केलेले घन आकार) एकाच जाडीचे आणि एकाच पातळीवरचे असतील तर जोडण्यापेक्षा एकाच स्केचमध्ये सलग बाह्यरेषा काढून एकच एक्स्ट्रुजन करावे. सांधाच नसेल तर तो पुढे सुटण्याची काळजीही राहत नाही.

## पायरी ९: उरलेल्या रेघांसाठी लाइनवर्क

इथपर्यंत आल्यावर काही मोजक्याच रेघा उरतात. सपाट भिंत वक्र भिंतीला अलगद मिळते, जसे गोलाकार बाल्कनीच्या पॅरापेटला, तेथे दोन पृष्ठभाग भूमितीनेच वेगळे असतात आणि जोड लावूनही मधली उभी रेघ राहू शकते. लिंक केलेल्या मॉडेलच्या सीमेवरही तसेच. या ठिकाणी लाइनवर्क (एल डब्ल्यू) वापरणे योग्य आहे: अदृश्य रेषा हा प्रकार निवडून कडेवर क्लिक करावे आणि संपूर्ण कड नको असेल तर टोकांवरचे बिंदू ओढून हवा तेवढाच भाग लपवावा. चूक झाली तर बाय कॅटेगरी निवडून त्याच कडेवर पुन्हा क्लिक करावे.

ज्या व्ह्यूमध्ये लाइनवर्क केले आहे त्याच्या नावापुढे किंवा कार्यालयाच्या नोंदवहीत तशी नोंद ठेवावी. पुढच्या वेळी दुसरा कोणी नवे एलिव्हेशन काढेल तेव्हा या रेघा त्याला दिसणार आहेत, आणि त्या का दिसतात हे त्याला कळले पाहिजे. रेघेवर पांढरा मास्किंग रीजन टाकून ती झाकू नये. त्याखाली पुढे खिडकी आली तर तीही झाकली जाते, आणि ही चूक साइटवरच कळते.

## पायरी १०: शीट पाठवण्यापूर्वी

प्रोजेक्ट युनिट्स पूर्ववत करावेत. थिन लाइन्स (टी एल) बंद करून चारही एलिव्हेशन पाहावीत, कारण थिन लाइन्स सुरू असताना रेषांची खरी जाडी दिसत नाही. एलिव्हेशन आणि थ्रीडी हे दोन्ही तपासणी व्ह्यू पुन्हा उघडावेत. तेथे रेघ दिसत असेल आणि शीटवरच्या एलिव्हेशनमध्ये नसेल, तर ती जागा लाइनवर्कने झाकलेली आहे आणि तिचे कारण वरच्या पायऱ्यांत राहून गेले आहे. घनफळाचे आकडे आधीच्या नोंदीशी ताडून प्रत्येक फरकाचे कारण एका ओळीत लिहावे. वॉर्निंग्जची संख्या पाहावी.

त्यानंतर पीडीएफ काढून ती ए१ आकारात खरोखर छापावी आणि हातभर अंतरावरून वाचावी. पडद्यावर झूम करून पाहताना सुटलेली आडवी रेघ कागदावर लगेच दिसते. लाल खूण केलेला एक्स्पान्शन जॉइंट आणि ठरवून दिलेले ग्रूव्ह कागदावर जागच्या जागी आहेत का ते पाहावे, आणि प्रत्येक ग्रूव्हला रुंदी व खोलीची टीप जोडलेली असावी. टीप असलेली रेघ म्हणजे ग्रूव्ह आणि टीप नसलेली रेघ म्हणजे फक्त कड, असे शीटच्या सामान्य सूचनांमध्ये एका वाक्यात नमूद करून मगच ड्रॉइंग साइटवर पाठवावे.